गळणे, गाळणे आणि गिअरबॉक्स

तेल म्हणजे तिळाचं. तिळातून निघालं ते संस्कृतात तैल आणि मराठीत तेल. शब्दाच्या हिशेबाने करडईचं, शेंगदाण्याचं, सरकीचं ही सगळी तोतया तेलं, खरं तेल एकच. पण तीळ मागे राहिला आणि शब्द पुढे निघून गेला. इतका पुढे गेला, की तिळाच्या तेलालाच वेगळं नाव द्यायची पाळी आली आणि लोक ‘तिळेल’ म्हणू लागले. म्हणजे तिळाचं तिळाचं! त्याच साच्यातून खोबरेल, एरंडेल आणि करंजेल निघाले. पुढे ‘रॉक ऑइल’ नावाचं विलायती तेल पिंपांतून येऊ लागलं, तेव्हा मराठी जिभेने त्यालाही मुकाट्याने याच रांगेत उभं केलं आणि रॉकेल म्हटलं. शेवटचं ‘एल’ ऑइलचं की तेलाचं, हे आता सांगता येणार नाही इतका तो सांधा बेमालूम आहे. पेट्रोलियम या भारदस्त शब्दाचा अर्थही हाच. पेत्रा म्हणजे खडक, ओलियम म्हणजे तेल. पेट्रोलियम शिकलेल्यांचं, रॉकेल चुलीपाशी बसणाऱ्यांचं, वस्तू एकाच खाणीतली.

इंग्रजी ऑइलही असंच घर सोडून आलेलं. त्याच्या मुळाशी ऑलिव्हचं ग्रीक नाव आहे. भूमध्य समुद्राकाठी ऑलिव्ह पिळायचे, इकडे तीळ पिळायचे. दोन्हीकडे एका बीची वा फळाची मक्तेदारी शब्दावर बसली आणि पुढे उडून गेली. आता गंमत बघा. वेकफील्ड नावाच्या इंग्रज तेलव्यापाऱ्याने १९०९ च्या सुमारास मोटारी आणि विमानांच्या इंजिनांसाठी एक नवं वंगण काढलं. त्यात त्याने एरंडाचं तेल मिसळलं होतं. एरंडाला इंग्रजीत कॅस्टर म्हणतात, म्हणून त्या मिश्रणाला नाव दिलं कॅस्ट्रॉल. एरंड अधिक तेल, कॅस्टर अधिक ऑइल. आपल्या आज्यांनी कित्येक पिढ्या आधी ‘एरंडेल’ ज्या रीतीने जोडलं, नेमक्या त्याच रीतीने या गृहस्थाने आपला माल बारशाला बसवला. पेट्रोल पंपावरच्या त्या हिरव्या-लाल डब्यांकडे पाहताना मला हे कळल्यापासून लहानपणचा एरंडेलाचा चमचा आठवतो आणि तोंड वाकडं होतं.

एवढं तेलपुराण लावण्याचं कारण असं, की ज्या गाडीत गिअर आपोआप पडतात तिच्या गिअरबॉक्समध्ये घालायच्या पदार्थाला त्याचे जाणकार तेल म्हणत नाहीत. गॅरेजात त्याचं नाव एटीएफ, आणि त्यातला शेवटचा एफ हा फ्लुइडचा आहे. द्रवाचा. इंजिनात ऑइल, हातगिअरच्या पेटीत गिअर ऑइल, इथे मात्र फ्लुइड. दिसायला तेलच आणि हाताला लागतंही तसंच, मग नाव का बदललं? कारण इथे त्याला नुसतं वंगण म्हणून राबायचं नसतं. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर नावाचा एक फुगीर गोल असतो. त्यात दोन पंखे समोरासमोर बसवलेले असतात, एक इंजिनाला जोडलेला, दुसरा गिअरबॉक्सला. दोघांचा एकमेकांना स्पर्श नाही. पहिला फिरला की मधला द्रव उसळून दुसऱ्याच्या पात्यांवर आदळतो आणि त्याला फिरवतो. इंजिनाची ताकद चाकाकडे जाते ती या द्रवाच्या धावण्यातून. ही युक्ती हेरमान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याची. १९०५ मध्ये त्याने तिचं पेटंट घेतलं, तेही जहाजांसाठी. शिवाय हाच द्रव दाबाखाली बारीक वाटांतून पळून आतले क्लच दाबतो, सोडतो आणि जाताजाता सगळ्यांना थंडही करतो. द्रव या शब्दामागे संस्कृत ‘द्रु’ आहे, आणि त्याचा अर्थ धावणे. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गातला ‘द्रुत’ त्याच धातूचा. म्हणजे घाटात ऑटोमॅटिक गाडी चढत असते तेव्हा रस्ताही द्रु आणि पेटीतला पदार्थही द्रु. हे नाव परिभाषेच्या समितीने मुद्दाम शोधलं असतं तर इतकं चपखल बसलं नसतं.

या द्रवाला लाल रंग मुद्दाम देतात, म्हणजे गाडीखाली डाग दिसला की तो कुठला हे ओळखता यावं. जनरल मोटर्सने १९४९ मध्ये त्याचं पहिलं प्रमाण ठरवलं आणि त्याला टाइप ए असं रुक्ष नाव दिलं. त्या काळच्या मिश्रणात स्पर्म व्हेल या देवमाशाचं तेल असे. क्लचच्या चकत्या एकमेकींना धरताना झटका बसू नये, यासाठी त्याच्यासारखं दुसरं काही सापडत नव्हतं. १९७० साली अमेरिकेने या देवमाशाला धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत घातलं आणि रसायनशास्त्रज्ञांना पर्याय शोधत फिरावं लागलं. तिळापासून निघालेला शब्द देवमाशापर्यंत पोचला, तो असा.

‘ऑटोमॅटिक’ हा शब्द मूळचा ग्रीकांचा. होमरच्या ‘इलियड’मध्ये स्वर्गाची दारं स्वतःहून करकरत उघडतात, आणि लोहारदेव हेफायस्टसने घडवलेल्या तिवया चाकांवरून आपल्या आपण देवांच्या सभेत जाऊन परत येतात. दोन्ही ठिकाणी कवीने हेच विशेषण वापरलं आहे. म्हणजे क्लचचा पाय नसलेली पहिली वाहनं देवांच्या घरी होती. माणसांच्या घरी ती यायला १९३९ उजाडावं लागलं. त्या वर्षी हायड्रा-मॅटिक नावाची पेटी ओल्ड्समोबिल गाड्यांत घालून विकायला काढली, १९४० चं मॉडेल म्हणून. आपल्याकडे याला ‘स्वयंचलित’ असा शासकीय शब्द आहे आणि ‘आपोआप’ असा घरचा. ‘आपोआप’मधला ‘आप’ हा संस्कृत आत्म्याचा प्राकृतातून आलेला वंशज. ‘आपोआप गिअर पडतात’ असं म्हणताना गाडीत कुठेतरी आत्मा असल्याची कबुली आपण नकळत देऊन टाकतो. शहरात हल्ली ‘ऑटोमॅटिक’चंही ‘ऑटो’ एवढंच उरलंय. महाराष्ट्रात ते चालून जातं, कारण तीन चाकांच्या वाहनाला आपण रिक्षा म्हणतो. ‘मला ऑटोच चालवता येते’ असं हैदराबादेत सांगितलं तर लोक मीटर कुठाय विचारतील.

आणि गिअर? नॉर्स भाषेतल्या ज्या शब्दापासून तो आला, त्याचा अर्थ पेहराव, सामानसुमान. इंग्रजीत आधी तो अंगावरचे कपडे, चिलखत, घोड्याचं जीनसामान यांसाठी होता. दातेरी चाकांचा संच हा अर्थ नंतरचा. मराठीत त्याच्या सगळ्यांत जवळचा शब्द मला ‘साज’ वाटतो. साज चढवतात. गिअर मात्र मराठी माणूस चढवत नाही, टाकतो. ‘दुसरा टाक’, ‘रिव्हर्स टाकलास का?’ आणि टाकला तर तो पडला पाहिजे: ‘गिअर पडत नाहीये’. हा मुहावरा आपला स्वतःचा, कुणाकडून उसना घेतलेला नाही. इंग्रज गिअर सरकवतो किंवा बदलतो, आपण तो विहिरीत पोहरा टाकावा तसा टाकतो आणि तो पडल्याचा आवाज ऐकतो. ऑटोमॅटिकमध्ये टाकणारा उरत नाही, तरी पडणं उरतंच. द्रव जुना झाला की मिस्त्रीपुढे तक्रार याच क्रियापदात जाते. गिअर उशिरा पडतो, पडताना झटका देतो, चढावर स्लिप मारतो.

माझा भाचा मिशिगनमध्ये राहतो. तिकडे हा द्रव बदलायचं काम गॅरेजवाल्याकडे न नेता घरासमोरच्या ड्राईव्हवेवर आडवं पडून करणारे पुष्कळ लोक आहेत, आणि त्यांच्यात हा आमचा मराठी गडी सामील झाला आहे. जुन्या पिकअप ट्रकच्या पोटाखालून तो मला फोनवर एकेक पायरी सांगत होता. त्याचं बोलणं मी जसंच्या तसं देतो. “मामा, गाडी आधी थोडी फिरवून आणायची, द्रव कोमट पाहिजे. मग जॅक लावायचा, स्टँड ठेवायचे. पॅनचे मागचे बोल्ट सैल करायचे, पुढचे तसेच ठेवायचे. मग पॅन एका कडेने उतरतो आणि फ्लुइड गळायला लागतं. पॅन काढायचा, पुसायचा, गॅस्केट खरवडायचं, फिल्टर उपसायचा, नवा बसवायचा आणि सगळं उलट्या क्रमाने आवळत यायचं.”

यावर भाषाशुद्धीचा रखवालदार कपाळाला हात लावेल. जॅक, स्टँड, पॅन, बोल्ट, फ्लुइड, गॅस्केट, फिल्टर! यांतलं एकही नाम आपलं नाही. पण क्रियापदं मोजा. फिरवणं, लावणं, ठेवणं, सैल करणं, उतरणं, गळणं, पुसणं, खरवडणं, उपसणं, बसवणं, आवळणं. एकही परकं नाही. अमेरिकेत राहून पोराचं मराठी टिकलं ते त्याच्या हातांच्या हालचालींत, आणि मराठी गॅरेजांचंही तेच आहे. वस्तू बोटीतून आल्या, त्यांची नावं बरोबर आली, पण त्या वस्तूंचं काय करायचं हे सांगायला कुणाच्या शब्दाची गरज पडली नाही. ‘स्क्रू टाइट कर’ असंही कानावर येतं, नाही असं नाही. पण बोल्ट फार आवळला आणि आतली चरी झिजली, तर मिस्त्री म्हणतो ‘आटे गेले’. आटे हा शब्द डोक्यासाठीही वापरतात, हे वेगळं सांगायला नको.

परक्या नामांनाही जरा खोलून बघितलं तर आत बरीच ओळखीची माणसं निघतात. जॅक हे पोऱ्याचं नाव. इंग्रजांकडे पडेल ते काम करणाऱ्या कुठल्याही पोराला जॅक म्हणत, आणि पोराचं काम करणारी यंत्रं आली तेव्हा तीही जॅक झाली. हे पोरगं गाडी उचलून धरतं खरं, पण त्याच्या भरवशावर कुणी गाडीखाली शिरू नये. त्यासाठी तिवईसारखे स्टँड लावतात आणि मराठीत अशा आधाराला घोडी म्हणतात. ओझं पेलणाऱ्या लाकडी सांगाड्याला जनावराचं नाव देण्याची खोड सगळ्या भाषांना आहे. चित्रकाराच्या ईझलचा मूळ डच अर्थ गाढव असा आहे.

पॅनला आपल्याकडे कुणी पॅन म्हणत नाही. तो चेंबर. इंजिनाखालचा तेलाचा चेंबर आणि गिअरबॉक्सखालचा चेंबर. खडीच्या रस्त्यावर दगड लागून चेंबर फुटला, ही प्रत्येक एसटीच्या वाटेवर ऐकू येणारी गोष्ट. लॅटिनमध्ये कामेरा म्हणजे घुमटाकार छताची खोली. त्याचं फ्रेंचमार्गे चेंबर झालं, पोर्तुगिजांनी आणलेलं रूप हिंदीत कमरा झालं, अंधाऱ्या खोलीत भिंतीवर चित्र पाडणाऱ्या खोक्याला कॅमेरा म्हणू लागले आणि एका खोलीत राहणारे ते कॉम्रेड. तुंबलेल्या गटाराचा चेंबर उघडायला आलेला पालिकेचा माणूस, गाडीचा चेंबर उतरवणारा मिस्त्री आणि मोर्चात घोषणा देणारा कॉम्रेड हे एका छताखालचे निघाले.

बऱ्याच जुन्या अमेरिकन गाड्यांच्या या चेंबरला तेल सोडायचं बूच नसतं. म्हणून तर भाच्याला कडेचे बोल्ट सैल करून तो तिरका करावा लागला, आणि तिरकी झालेली पसरट थाळी लाल द्रवाने काठोकाठ भरलेली असताना तो माणसाच्या बाहीत किती जातो याचा अंदाज ज्याचा त्याने करावा. बूच हा शब्द पोर्तुगीज बुशाचा, म्हणजे बोळा किंवा गुडदी. बाटल्या आल्या, बाटल्यांची बुचं आली, आणि त्यानंतर एका झाडालाही हे नाव मिळालं. पुण्यात रस्त्याकडेला पांढऱ्या लांब देठांच्या सुवासिक फुलांचा सडा घालणारं उंच झाड ते बूच, कारण त्याच्या मऊ सालीची हलक्या प्रतीची बुचं करत. चेंबर आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये बसणारं जे पॅकिंग, तेही पुष्कळ काळ बुचाचंच असे, म्हणजे कॉर्कचं. आता रबराचं असतं. थोडक्यात, ज्या चेंबरला बूच नाही त्याच्या कडेला गोल फिरून बूचच बसलेलं असे.

गॅस्केट हा शब्द गॅरेजात क्वचित ऐकू येतो, तिथे पॅकिंगच चालतं. त्यामागे कारण आहे असं मला वाटतं. सतराव्या शतकात गॅस्केट म्हणजे जहाजाचं गुंडाळलेलं शीड बांधून ठेवायची दोरी. ती फ्रेंच ‘गार्सेत’वरून आली असावी, आणि गार्सेत म्हणजे लहान पोरगी! बारीक दोरीला पोरगी म्हणायचं कुणाला सुचलं कोण जाणे. पुढे वाफेची इंजिनं आली. दट्ट्याभोवतीच्या फटीतून वाफ निसटू नये म्हणून अंबाडीसारख्या धाग्यांची वेणी करून, चरबीत भिजवून तिथे ठासत. दोरी म्हणून तीही गॅस्केट. दोरी गेली, तिच्या जागी कागद, बूच, रबर, पत्रा आला आणि नाव तसंच राहिलं. पण दोरी सगळीकडून गेलेली नाही. विहिरीवरच्या पंपाची ग्लँड टपटपायला लागली की शेतकरी तालुक्याच्या दुकानातून ‘ग्लँड दोरी’ आणतो, तुकडे कापून आत ठासतो आणि वरून नट बेताने आवळतो. गॅस्केटचा मूळ अर्थ इंग्रजी कोशात पाहण्यापेक्षा निफाड-बारामतीच्या मळ्यात पाहावा, अजून ओला सापडेल.

दोरी म्हटलं की पीळ आला. टॉर्क म्हणजे लॅटिनमध्ये पिळणं. ‘टॉर्क कन्व्हर्टर’ला कुणी ‘पीळबदलू’ म्हणालं तर हसू येईल, पण अर्थ तंतोतंत तोच राहील. चेंबरचे बोल्ट किती आवळायचे हेही टॉर्कमध्ये सांगतात. साधारण १० ते १२ न्यूटन-मीटर, म्हणजे मनगटाचा हलका जोर. इथेच बहुतेकांचं चुकतं. गळू नये म्हणून माणूस जीव खाऊन आवळतो, चेंबरची पातळ पत्र्याची कड बोल्टाजवळ वाकते, पॅकिंग पिळवटून बाहेर येतं, आणि जे टाळायला आवळलं तेच सुरू होतं. समोरासमोरचे बोल्ट आलटूनपालटून, थोडे थोडे आवळत जायचं हा त्यातला नियम. पीळ हा गुण माणसांत किती असावा याबद्दल आपल्याकडे सुंभाची म्हण आहेच. पत्र्याला तो फार सोसत नाही.

आता त्या दोन क्रियापदांकडे येतो, ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप मांडला. चेंबरचं पॅकिंग गेलं की तेल गळतं. आतला फिल्टर तेल गाळतो. तळाशी बसतो तो गाळ. हे तिन्ही एकाच संस्कृत धातूचे, ‘गल्’चे. गलति म्हणजे ठिबकतं, खाली पडतं. गालयति म्हणजे ठिबकायला लावतो. मराठीने नुसता पहिला स्वर लांबवून हा सगळा फरक सांभाळला. गळणे–गाळणे, पडणे–पाडणे, तरणे–तारणे, चरणे–चारणे. ऱ्हस्व ‘अ’ आहे तोवर गोष्ट आपली आपण घडते, ‘आ’ झाला की कुणीतरी ती घडवतो. आपल्या क्रियापदांना ऑटोमॅटिक आणि मॅन्युअल असे दोन्ही गिअर पूर्वीपासून आहेत, आणि बदलायला क्लचसुद्धा लागत नाही.

म्हणून मराठीत चेंबर उतरवण्याचं सगळं काम एका धातूत मावतं. गळायला लागलं म्हणून उघडलं, गाळणी बदलली, गाळ काढला, पुन्हा गळू नये असं बंद केलं. इंग्रजीत याच गोष्टींना वेगवेगळी कुळं लागतात. आणि या एका धातूने मराठीत काय काय सांभाळलं आहे! छप्पर गळतं, केस गळतात, झाडांची पानं गळतात, आजाऱ्याचं अंग गळून जातं, शाळेतून पोरांची गळती होते. तिकडे ऊस गाळतात आणि कारखान्याचा गाळप हंगाम सुरू होतो, कुणी घाम गाळतो, कुणी दारू गाळतो, मतदारयादीतून नाव गाळलेलं निघतं, आणि परीक्षेत गाळलेल्या जागा भरताना विद्यार्थ्याची गाळण उडते. फिल्टरला शास्त्रीय लेखनात ‘निस्यंदक’ असा एक शब्द दिसतो. शब्दात खोट काहीच नाही, वाहणे या अर्थाच्या ‘स्यंद्’ धातूवरून नियमाने बांधला आहे. पण ज्या भाषेत चहाची गाळणी आणि प्रयोगशाळेतला गाळणकागद आहे, तिथे याची नेमणूक कशासाठी झाली ते मला कळलेलं नाही.

खुद्द ‘फिल्टर’ हा शब्द काय आहे? मध्ययुगीन लॅटिनमध्ये फिल्ट्रम म्हणजे लोकर दाबून केलेलं जाड कापड. इंग्रजीत त्याला फेल्ट म्हणतात, आपण नमदा. त्यातून औषधं, अर्क, पाणी गाळत, म्हणून गाळण्याच्या साधनालाच कापडाचं नाव पडलं. आयुर्वेदातलं चूर्ण वस्त्रगाळ असतं, म्हणजे कापडातून काढलेलं. दोन्हीकडे वैद्याच्या हातात कापड होतं. एकीकडे कापडाचं नाव पुढे गेलं, दुसरीकडे क्रियेचं. आता भाच्याने उपसून काढलेला तो जुना फिल्टर घ्या. वरून पत्र्याची आणि प्लॅस्टिकची चपटी डबी. ती फोडून बघितली तर आत काय? दाबलेल्या धाग्यांचा नमदा. लोकर नाही, कृत्रिम धागे, पण विणलेले नव्हे तर दाबलेले. काही गाड्यांत नुसती तारेची जाळी असते, पण पुष्कळशा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सांमध्ये आजही फेल्टच वापरतात. इतकी शतकं हिंडून शब्द अक्षरशः आपल्या अर्थात परत येऊन बसला. असं फार थोड्या शब्दांच्या नशिबी येतं.

चेंबरच्या तळाशी एक छोटं लोहचुंबक ठेवलेलं असतं. चुंबक म्हणजे चुंबन घेणारा. रसिक होते आपले धातुशास्त्री. त्या चुंबकावर राखाडी, लोण्यासारखा मऊ थर जमलेला असतो. ती झिजलेल्या लोखंडाची वस्त्रगाळ पूड. यासाठी मराठीत नेमका शब्द आहे: कीट. तेलाच्या बुडाशी बसतं तेही कीट आणि धातूचा मळ तेही कीट. संस्कृत ‘किट्ट’. वैद्यकातलं मंडूर म्हणजे लोहकिट्टच, ते जाळून रक्त वाढवायला देतात. थोडं मऊ कीट दिसलं तर काळजी नाही, ते म्हातारपणाचं लक्षण. त्यात चमकते तुकडे किंवा कणसर चुरा दिसला तर मात्र नवं तेल घालून भागणार नाही, पेटीच खोलावी लागेल. द्रवाचा रंग काळपट तपकिरी झाला असेल आणि वास करपट येत असेल, तर तीही वाईट खबर.

वंगण या शब्दाबद्दल एक तर्क मांडून पुढे जातो. हिंदी मुलुखात बैलगाडीच्या आसाला तेल लावण्याला ‘औंगना’ म्हणतात आणि तो आपल्या वंगणाचा सख्खा भाऊ दिसतो. दोघांच्या मागे माखणे या अर्थाचा ‘अञ्ज्’ असावा असं मला वाटतं. डोळ्यातलं अंजन त्याचंच, आणि दिवाळीच्या पहाटेचं अभ्यंगही त्याचंच. तसं असेल तर बैलगाडीला जे मिळायचं ते साक्षात अभ्यंगस्नान होतं.

भरताना हिशेब नीट ठेवावा लागतो, कारण चेंबर रिकामा केला तरी सगळा द्रव बाहेर येत नाही. टॉर्क कन्व्हर्टरच्या पोटात आणि वाटांमध्ये निम्म्याहून जास्त राहून जातो. भाच्याच्या ट्रकच्या पेटीत एकूण दहा-अकरा लिटर मावतो आणि चेंबर उतरवल्यावर जेमतेम पाच लिटर निघतो. तेव्हा जेवढा निघाला तेवढाच मोजून घालायचा, आणि मग इंजिन चालू ठेवून, गाडी गरम असताना गेज ओढून बघायचं. नव्या पुष्कळ गाड्यांना गेजच नसतं. ‘आयुष्यभरासाठी भरलेलं’ असं त्यांचे कारखानदार सांगतात, कुणाच्या आयुष्यभरासाठी ते सांगत नाहीत. आणि बाटली बघून घ्यावी. ऑटोमॅटिक हे एकच नाव आपण निरनिराळ्या जातींच्या पेट्यांना देऊन टाकलं आहे. पट्ट्यावर चालणाऱ्या सीव्हीटीचा द्रव वेगळा. २०१४ च्या सेलेरिओपासून आपल्याकडे पसरलेल्या एएमटीत तर हातगिअरचीच पेटी असते, फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला यंत्र ठेवलेलं, त्यामुळे तिला साधं गिअर ऑइल. एकात दुसरं घातलं तर तेलही जातं, तूपही जातं.

काढलेल्या जुन्या द्रवाचं तिकडे फार होत नाही. भाचा तो डब्यात भरून सुट्या भागांच्या दुकानात परत देतो. आपल्याकडे ‘जळकं ऑइल’ हा स्वतंत्र माल आहे. स्लॅबच्या सेंट्रिंगच्या फळ्यांना फासायला, वाळवी लागू नये म्हणून लाकडाला चोळायला. जळलेलं असूनही त्याला गिऱ्हाईक असतं.

हे सगळं चालू असताना माझी ताई, म्हणजे त्याची आई, माझ्या शेजारीच बसली होती. तिने फोन हातात घेतला आणि विचारलं, “अरे, तिथे मिस्त्री मिळत नाहीत का रे? असा काय जमिनीवर लोळतोयस?” तो म्हणाला, “आई, इथे मीच मिस्त्री.” मला राहवेना. मी तिला सांगू लागलो, की मिस्त्री हा शब्द पोर्तुगीज ‘मेस्त्रे’वरून आला. गोव्यात सुताराला मेस्त म्हणतात, कोकणात मेस्त्री आडनाव आहे. त्याचं मूळ लॅटिन माजिस्तेर, आणि शाळेतले मास्तर त्याचेच, इंग्रजीतून आलेले. माजिस्तेरच्या पोटात ‘अधिक’ हा अर्थ आहे. त्याच धर्तीवर ‘उणा’ या अर्थाचा शब्द घेऊन लॅटिनमध्ये चाकरासाठी शब्द केला होता मिनिस्तेर. मिनिस्टर तिथून आला. म्हणजे व्युत्पत्तीच्या दरबारात मिस्त्री वरच्या गादीवर आणि मिनिस्टर पायरीशी.

ताईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, “बरं, तुझ्या त्या वरच्या गादीवरच्याला फोन कर. आपल्या गाडीचा चेंबर गेल्या आठवड्यापासून गळतोय.”